दाजी, त्या दिवशी मी सावकाश आलो

दाजी, मी सगळ्यांना सांगितलंय की उसाच्या ट्रॅक्टरांनी वाट अडवली म्हणून मला उशीर झाला. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, तुमच्या सागरला सांगितलं, कंपनीतल्या लोकांना फोनवर सांगितलं. ट्रॅक्टर होते हे खरं आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, न्हावऱ्यापासून पुढं एकामागं एक. पण त्यांनी मला अडवलं नव्हतं. मीच त्यांच्या मागं राहिलो. एकदाही हॉर्न वाजवला नाही. आणि पारगावच्या पुलाजवळ गाडी बाजूला लावून वीस मिनिटं नुसता नदीकडं बघत उभा राहिलो. तेव्हा तुम्ही वरवंडला छातीवर हात ठेवून माझी वाट बघत होता.

सोळा दिवस ती वीस मिनिटं घेऊन मी फिरतोय. जेवायला बसलो की ती आठवतात. कुणी सहज घड्याळाकडं बघितलं तरी मी मनात वीस मिनिटं मागं मोजतो. एरवी असं काही झालं असतं तर मी आधी तुम्हालाच फोन केला असता. माझं असलं रडगाणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे तुम्ही एकटेच होता. म्हणून हेही तुम्हालाच सांगतोय.

तुमचं आणि सुमनताईचं लग्न झालं तेव्हा मी नववीत होतो. कानपिळीच्या वेळी मला मांडवात पुढं ढकललं. मी इतक्या घाईनं तुमचा कान पिरगळला की तुमचा फेटा सरकला. माणसं हसली. तुम्ही फेटा सावरत म्हणालात, "पाव्हणं, दमानं. हा कान मला जलमभर वापरायचाय, तुमच्या बहिणीचं ऐकायला." तुम्ही मला पहिल्यांदा 'दमानं' म्हणालात ते तेव्हा. नंतर किती वेळा म्हणालात, त्याचा हिशोबच नाही.

माझा स्वभाव तसाच राहिला, आणि नोकरीही तशीच मिळाली. सणसवाडीच्या कंपनीत डिस्पॅचला. माल भरून गाडी गेटबाहेर गेली की माझा श्वास सुटतो, तेवढ्यात दुसरी गाडी लागलेली असते. बावीस वर्षं मी माणसांना 'कसा आहेस' असं विचारलेलं नाही, 'निघाली का' असंच विचारलंय. तुम्ही ताईला म्हणायचात, "तुझ्या भावाला देवानं पाय दिलंच न्हाईत. चाकं दिल्यात." ताई म्हणायची, "आन् तुम्हाला बुडाखाली खुट्टी दिलीया." मग दोघंही माझ्याकडं बघून हसायचात, आणि मी घाईघाईनं चहा पिऊन उठायचो.

आपण बर्फात अडकलो त्याला आता तीन हिवाळे झाले. शिरूर-दौंडच्या माणसानं बर्फात अडकायचं काही कारण नाही. पण तुमची एक जुनी हौस होती. तीस वर्षं कांदा पिकवला, केडगावच्या बाजारात नेऊन ओतला, तिथून तो ट्रकमध्ये बसून कुठल्या कुठं गेला. तो कुठवर जातो आणि कोण खातं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं तुम्हाला. त्या वर्षी व्यापाऱ्याची गाडी काश्मीरला निघाली आणि तुम्ही हट्टच धरला, "माझ्या कांद्याच्या मागं जातो." ताई म्हणाली, "एकटं न्हाई सोडायची. संजूला घेऊन जावा." मी आठ दिवसांची रजा टाकली. तेव्हा कंपनीत सगळे माझ्याकडं असे बघत होते की जणू मी राजीनामाच देतोय.

बनिहालच्या अलीकडं रस्ता बंद झाला. पुढं दरड होती आणि वर बर्फ सुरू झालं होतं. शंभरभर गाड्या एकामागं एक उभ्या राहिल्या. आपला ड्रायव्हर बलबीर पंजाबचा, त्यानं हे दर वर्षी बघितलेलं. त्यानं रस्त्याकडच्या ओळखीच्या घरात आपली सोय लावली आणि स्वतः केबिनमध्ये पांघरूण ओढून झोपला. घर एका म्हाताऱ्याचं होतं. तुम्ही त्याला चाचा म्हणायला लागलात, म्हणून मीही चाचा म्हणू लागलो. एक खोली, मध्ये गालिचा, कोपऱ्यात त्याची बायको. बाहेर गोठ्यात चार शेळ्या.

पहिल्या सकाळी तुम्ही दारात उभं राहून बर्फाकडं बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही म्हणालात, "कारखान्याच्या धुराड्याची काजळी पडती तसंच पडतंय की रं. रंग तेवढा धुतलाय." मग चाचाला विचारलंत, "चाचा, ये कब तक गिरेगा?" चाचा म्हणाला, "जब तक गिरेगा." तुम्हाला हे उत्तर इतकं आवडलं की नऊ दिवस तुम्ही मला तेच देत राहिलात. रस्ता कधी उघडेल? जब उघडेगा. फोनला रेंज कधी येईल? जब येएगा.

मला हसू येत नव्हतं. मी दिवसातून तीनदा चौकीपर्यंत चालत जायचो. गुडघाभर बर्फ. तिथला पोलीस मला लांबून बघूनच हातानं 'नाही' करायचा. तरी मी जवळ जाऊन विचारायचो. कंपनीत माझ्या जागी कोण उभं असेल, गाड्या कशा लागल्या असतील, हे डोक्यात फिरत राहायचं. तुम्ही मात्र चाचाचा लांब झगा अंगात घालून, त्याच्या आत निखाऱ्याची टोपली धरून भिंतीला टेकलेले. तिला कांगडी म्हणतात, हे तुम्ही दुसऱ्याच दिवशी शिकलात. चाचाच्या बायकोला तुम्ही पिठलं करायला शिकवलंत. तिला तिखट लागलं, तिनं डोक्यावरची ओढणी डोळ्यांना लावली, तुम्ही घाबरलात. चाचा म्हणाला, "रो नहीं रही, खुश है." तुम्ही म्हणालात, "आमच्या उधर भी खुशी में ऐसाच होता है."

चौथ्या दिवशी माझा तोल गेला. मी चाचाचं फावडं घेतलं आणि आपल्या गाडीपुढचं बर्फ उपसायला लागलो. पुढं शंभर गाड्या, त्याच्या पुढं दरड. तरी मी उपसत होतो. केबिनमधून ड्रायव्हर बघत होते. कुणीतरी ओरडलं, "पाजी, श्रीनगर तक साफ कर देना!" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, थंडीनं की रागानं, कळत नव्हतं. तुम्ही बाहेर आलात. माझ्या हातातून फावडं घेतलंत आणि घराकडं वळलात. चाचाच्या दारापासून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत तुम्ही वाट काढलीत. म्हातारी तिथूनच रोज दोनदा घसरत जायची. पंचवीस पावलांची वाट असेल. तुम्ही ती दुपारपर्यंत काढत होता, मध्ये मध्ये थांबून. संपल्यावर म्हणालात, "रस्ता त्यांच्याकडं हाय. शेळीपतूर आपल्याकडं."

त्या दुपारी मी झोपलो. दाजी, मी दुपारी झोपलो. उठलो तर तुम्ही कांदा सोलत बसला होता आणि बाहेर सगळं गप्प होतं. इतकं गप्प की दूर कुणाच्या तरी छपरावरून बर्फ सरकलं तेही ऐकू आलं. आणि मला आईचं आठवलं. मी तोपर्यंत ते कुणाला बोललो नव्हतो. आई गेली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो, सणसवाडीहून शिरूर पंचवीस मिनिटांत. लोक अजून त्याचं कौतुक करतात. पण पोचल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात फोनवर बोलत उभा होतो. एका गाडीचं बिल अडलं होतं. आत आई दोनदा 'संजू' म्हणाली, हे मला ताईनं नंतर सांगितलं. मी जिन्यात होतो. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कांदा सोलायचं थांबवलं नाही. म्हणालात, "व्हय. मला म्हाईत हाय. मी जिन्याच्या खाली उभा व्हतो." मग हातातला कांदा संपवून म्हणालात, "म्हणून तर तुला इथं आणला."

मला अजून माहीत नाही दाजी, ते तुम्ही खरं बोललात की मला बरं वाटावं म्हणून. विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. असं म्हणताना लाज वाटते, कारण त्यात काहीच झालं नाही. आपण म्हातारीला लाकडं आणून दिली. चाचानं आपल्याला एक पत्त्यांचा डाव शिकवला, तो मला अजून कळलेला नाही. सकाळी उठल्यावर पुढं काय करायचं आहे ते माहीत नसायचं, आणि ते शोधायची घाईही नसायची. एक दिवस तुम्ही मला विचारलंत, "आज चौकीवर गेला न्हाईस?" मी विसरलो होतो.

पण माझं एक काम मी तुमच्यापासून लपवून केलं होतं. तिसऱ्याच दिवशी, तुम्ही चुलीपाशी होता तेव्हा. कांद्याच्या गाडीवर ताडपत्री होती, ती बाजूंनी तुम्ही सैल ठेवायला लावली होती. लाल कांदा, टिकायला कच्चा. "त्याला वारं पायजे, न्हाईतर उबतो," असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, या थंडीत वारं लागलं तर गोठून जाईल. आपला त्यावर वाद झाला आणि तुम्ही उठून चुलीपाशी गेलात. मी बलबीरकडून प्लास्टिक घेतलं, ताडपत्रीखाली अंथरलं आणि कडेनं आवळून बांधलं. कंपनीत पेट्या बांधतो तसं.

श्रीनगरला गाडी उघडली तेव्हा मधल्या गोण्या हाताला गरम लागत होत्या. वास सुटला होता, कोंब आले होते. तुमच्या गोण्या मधेच होत्या. तुम्ही प्लास्टिकच्या गाठीवर बोट ठेवलंत, माझ्याकडं बघितलंत आणि हळूच म्हणालात, "ही गाठ सणसवाडीची हाय." मंडईतल्या माणसानं विचारलं, हे कुणी बांधलं? तुम्ही म्हणालात, "मैंने."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, उघडं ठेवलं असतं तर वरचा थर काचेसारखा गोठला असता. तुम्ही म्हणालात, "गोठला असता." मी म्हणालो, मग? तुम्ही म्हणालात, "मग काय. वरचा गेला असता, मधला राहिला असता." मी म्हणालो, सगळाच गोठला असता तर? तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. तो वाद आपण दर दिवाळीला काढायचो आणि दर दिवाळीला ताई जेवायला हाक मारायची. अजूनही मला वाटतं की मी अगदीच चूक नव्हतो. हेही आज सांगून टाकतो.

घरी आल्यावर मी महिनाभर वेगळा माणूस होतो. मग गाड्या लागल्या. तुमचा फोन यायचा, "ये एक दिवस. काय करायचं न्हाई, नुसतं बांधावर बसू." मी म्हणायचो, ह्या रविवारी, पुढच्या रविवारी, मार्च संपू द्या. तीन वर्षं तुम्ही बोलवत राहिलात. कधी रागावला नाहीत. रागावला असता तर मी आलो असतो.

आता त्या रविवारचं.

सकाळी साडेसातला ताईचा फोन आला. म्हणाली, "संजू, ह्यांच्या छातीत जळजळतंय पहाटेपास्नं. घाम बी आलाय. तू गाडी घेऊन ये, दौंडला दावून आणू." सागर बंगळूरला. शेजारच्या पोपटची जीप तुमच्या दारातच उभी असते, पण ताईनं मला फोन केला कारण तुम्ही म्हणालात, मी संजूसंगं जातो. मग तुम्ही तिच्या हातातून फोन घेतलात. आवाज नेहमीसारखा होता. "काय न्हाई रं, रातीच्या भरीताचं पित्त झालंय. सावकाश ये. पळत येऊ नगं, धुकं हाय."

तीस वर्षांत मी तुमचं हे एकदाही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

खरं तर त्या आठवड्यात मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आता बदलायचं. पन्नाशी जवळ आली, साखर निघाली, डॉक्टरनं तेच सांगितलं जे तुम्ही सांगायचा. म्हणून गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं, चला, आजपासून. न्हावऱ्याच्या पुढं ट्रॅक्टर लागला, मी मागं राहिलो. ट्रॉलीतून उसाची वाढी, शेंड्याची हिरवी पानं, लोंबत होती, धुक्यात ती आत-बाहेर होत होती. मागच्या गाड्या मला हॉर्न देऊन पुढं जात होत्या, आणि मला त्या माणसांची कीव येत होती. हे मी तुम्हाला सांगायलाच पाहिजे. मला त्यांची कीव येत होती.

पारगावला भीमेवर धुकं असं बसलं होतं की पूल दिसत नव्हता. पाणी नाही, काठ नाही, ऊस नाही, सगळं पांढरं. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो. थंडीनं कान दुखत होते आणि सगळं गप्प होतं, तिथल्यासारखं. मी फोटो काढला आणि तुम्हाला पाठवला. खाली लिहिलं, "दाजी, पारगावात बर्फ पडलाय." फोटो तुम्ही बघितलात. दोन निळ्या खुणा आल्या. मला फार आनंद झाला. मी अजून थोडा वेळ थांबलो.

एरवी तासाभरात येणारा मी दोन तासांनी तुमच्या दारात आलो. तुम्ही अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता. मी तोंडाचा रंग बघितला. पित्त झालेल्या माणसाचा रंग तो नव्हता. तुम्ही हसलात. "आला का पाव्हणं. च्या घे." मी तुम्हाला अक्षरशः ओढत गाडीत घातलं. ताई मागं बसली. आता मी जुना संजू झालो. हायवेला लागलो, पाटसच्या अलीकडं उसाच्या गाड्यांची रांग होती, मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो, चुकीच्या बाजूनं घुसलो, कुणी शिव्या दिल्या. तुम्ही शेजारी डोळे मिटून बसला होता. एकदाच बोललात. "दमानं." मला वाटलं गाडीबद्दल म्हणताय. कदाचित स्वतःलाच म्हणत असाल, दुखणं सोसताना. मी आणखी पळवली.

दौंडच्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. अकरा वाजून काही मिनिटांनी ते बाहेर आले. मी पहिला प्रश्न तोच विचारला, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, पहाटेच आणायला हवं होतं. मी म्हणालो, तासभर आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, सांगता येत नाही. मी परत विचारलं. ते परत म्हणाले, सांगता येत नाही. ते हो म्हणाले असते तरी चाललं असतं, दाजी. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

तुमच्या दहाव्याला घाटावर केवढी माणसं होती. भाषणं झाली, आपल्याकडं होतात तशी. एकानं तुम्हाला श्रद्धांजली वाहता वाहता येत्या निवडणुकीपर्यंत मजल मारली. तुम्ही असता तर मला कोपर मारलं असतंत. सगळे म्हणाले, शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग कुणीतरी माझं नाव घेतलं. मेव्हण्यानं दोन शब्द बोलावेत. मी माईकपुढं गेलो आणि बर्फाची गोष्ट सांगितली. शेळ्यांच्या वाटेची सांगितली. शेवटी म्हणालो, "दाजींनी मला थांबायला शिकवलं." माणसांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मी खाली बसलो. बायकांच्या घोळक्यात ताई माझ्याकडं बघत होती. ती रडत नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. परवा दुपारी ताई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "ताई, मला ट्रॅक्टरांनी अडवलं नव्हतं."

ती सोलत राहिली.

"मी पारगावला थांबलो व्हतो. पुलापाशी. धुकं बघत."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. आन् ट्रॅक्टरमागं राहिलो ते येगळं."

तिनं एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. म्हणाली, "म्हाईत हाय मला. फोटो उभ्यानं काढलेला व्हता. चालत्या गाडीतनं असा फोटो येत न्हाई."

मीही एक पाकळी सोलायला घेतली.

"ह्यांनी मला दावला, पोपटला दावला. पोपट दोनदा येऊन गेला, म्हणला, आप्पा, बसा जीपमधी. तर म्हणले, न्हाई, संजू निघालाय. आज पहिल्यांदाच दमानं येतोय, येऊ दे. हसत व्हते फोटो बघून. छातीवर हात आन् हसत व्हते." तिचा हात थांबला. "मी तवाच पोपटला सांगायला पायजे व्हतं, उचल आन् घाल गाडीत. न्हाई सांगितलं. मी बी बघतच बसले ह्यांच्याकडं. लई दिसांनी असं हसले व्हते."

"ताई, मला आधीच का बोलली न्हाईस?"

"तू कवा बोलतोस ते बघत व्हते. तू तर माईकवर बोललास."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "माझा राग हाय तुझ्यावर. खोटं कशाला बोलू. ह्यांच्यावर त्याहून जास्ती हाय. तुम्हा दोघांचं ते बर्फ आन् ते थांबणं, मला त्यातलं काय सांगू नगंस आता." लसणाची ताटली उचलून ती उठली. दारापाशी गेली आणि वळली. "संजू, मी कवा फोन केला तर पळत ये. मी काय बी म्हणू दे, सावकाश ये म्हणू दे. तू पळत ये."

मी हो म्हणालो.

दाजी, तुमच्या शिकवणीचं काय करायचं ते मला कळत नाही. ती खोटी होती असं म्हणवत नाही. ते नऊ दिवस खरे होते, म्हातारीची वाट खरी होती, मी चौकीवर जायचं विसरलो होतो हेही खरं. पण मी ती उचलून भलत्याच दिवशी वापरली. आणि तुम्हीही, रागावू नका, तुम्हीही भलत्याच दिवशी वापरलीत. तुम्ही माझ्यासाठी थांबलात, मी तुमच्यासारखा थांबलो, आणि मधल्या मध्ये वेळ गेला. तुम्ही समोर असता तर भांडलो असतो. म्हणालो असतो, तुम्हाला कळत होतं पित्त नाहीये ते. म्हणालो असतो, मी सावकाश येतोय याचं तुम्हाला एवढं कौतुक वाटायला नको होतं. आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला असता.

तरी त्या फोटोवर तुम्ही हसलात, हे ताईनं सांगितल्यापासून मी ते सारखं मनात घोळवतोय. तुम्हाला हसवलं ते मीच. तुम्हाला उशीर केला तोही मीच. दोन्ही एकाच माणसानं एकाच वेळी केलं, आणि त्यातलं एक मागं घेता येत नाही म्हणून दुसरंही टाकवत नाही.

मी रजा वाढवून घेतलीय. कंपनीत आधी चिडले, मग म्हणाले, बघू. फोन बंद नाही ठेवलेला, ताईच्या शेजारणीकडं आणि पोपटकडं माझा नंबर आहे, म्हणून तो आता कधीच बंद ठेवणार नाही. पण वाजला की नाव बघतो आणि कंपनीचा असेल तर वाजू देतो.

हे मी वरवंडला, तुमच्या ओट्यावर बसून लिहितोय. सकाळचे दहा वाजलेत. धुकं निघून गेलंय, तुमच्या रानात लागणीच्या बाया वाकून कांद्याचं रोप लावतायत, त्यांच्यातली एक काहीतरी सांगतेय आणि बाकीच्या हसतायत. ताई आत भाकरी थापतेय. थापण्याचा आवाज मध्येच थांबतो. तेव्हा मी लिहायचं थांबतो आणि कान देतो. तवा वाजतो, बांगड्या वाजतात, दुसरी भाकरी सुरू होते. मग मी पुढचं लिहितो.